साडेचार सेकंदांची नजर

माझे मामा आठवडाभर लॉन्ड्रीत इस्त्री करायचे आणि सुट्टीच्या सकाळी आमच्या वस्तीच्या प्रार्थनेच्या सभागृहात उभं राहून गाऊन प्रवचन सांगायचे. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातांवर भाजल्याच्या रेघा होत्या. आमचा रंग काळा, त्यामुळे त्या फिकट रेघा लांबूनही दिसायच्या. मामा म्हणायचे, "देवाने पाटी कोरी दिली होती गं, लोकांच्या कॉलरांनी लिहून लिहून भरून टाकली."

आवाज म्हणाल तर बेताचाच. वरच्या पट्टीत गेले की मामी खाली मान घालायची. पण थांबावं कुठे, हे त्यांना ठाऊक होतं. लोकांना हसवून हसवून बेजार करायचे, आणि हसू अजून ओठांवर असतानाच एखादं साधं वाक्य बोलून असे गप्प व्हायचे की सगळ्या सभागृहात फक्त पंख्याची कुरकुर ऐकू यायची. त्या शांततेत कुणी नाक ओढायचं, कुणी शेजाऱ्याचा हात धरायचं. मी पहिल्या रांगेत बसून मोठी झाले. देव कुठे भेटतो असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्या शांततेकडे बोट दाखवलं असतं.

"हसताना माणसाचं तोंड उघडतं," मामा सांगायचे. "तेवढ्यात औषधाचा चमचा आत सरकवायचा. एकदा तोंड मिटलं की मग बसा दार वाजवत."

पुढे मी सिनेमाची संकलक झाले. काढलेल्या चित्रणातून हवं ते ठेवायचं, नको ते कापायचं आणि जोडायचं. कुठे कापावं नि कुठे थांबावं, एवढंच आमचं काम. ते मी शाळेत नाही शिकले, मामांच्या समोर बसून शिकले, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. आता सांगत नाही.

तर झालं असं, की ज्या दिग्दर्शकाकडे मी काम करत होते त्याला लिफ्टमन हवा होता. हा दिग्दर्शक गोरा. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला 'मफलर'च म्हणत. माणूस मनाने चांगला. इतका चांगला, की कधी कधी त्याची अडचण व्हायची. आम्हा काळ्यांपैकी कुणाला खुर्ची दिली की दहादा विचारायचा, नीट बसलात ना?

त्याची गोष्ट हसवणारी होती आणि भयंकर होती. एका उंच इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते. आत सहा गोरे रहिवासी आणि एक काळा लिफ्टमन. हवा पुरेल का, अशी चर्चा सुरू होते. सभ्य माणसं, त्यामुळे चर्चेची सभा होते. अध्यक्ष निवडला जातो. 'लिफ्टमनने श्वास जरा बेताने घ्यावा' असा ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळतं, आणि तो सहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर होतो. लिफ्टमनला मत नाही, कारण तो रहिवासी नाही. शेवटी त्याच्या सहकार्याबद्दल आभारप्रदर्शनही होतं.

वाचताना मी खो खो हसले, आणि पान न उलटता तोच ठराव पुन्हा वाचला. मी मफलरला म्हटलं, "लिफ्टमन माझ्याकडे आहे."

तो तीन आठवडे आमच्या सभागृहात मागच्या बाकावर येऊन बसला. तिसऱ्या खेपेला त्याने डोळे पुसले आणि मामांचा हात धरून म्हणाला, "तुम्हीच."

मामांनी हात सोडवून घेतला. "साहेब, मला माकड करणार नाही ना? आमच्या माणसाला पडद्यावर बघून लोक हसतात, ते मी खूप पाहिलंय."

"हसणं तुमच्यावर नाही, त्या सहा जणांवर आहे."

"हे तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला कोण सांगणार?" मग म्हणाले, "असं करा. मी श्वास धरीन, गाल फुगवीन, काय हवं ते करीन. पण शेवटी मला एकदा वर बघू द्या. काही बोलणार नाही. नुसतं बघीन. तेवढं ठेवायचं कबूल असेल, तर येतो."

"कबूल," मफलर म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "जोडायला तूच आहेस ना?"

"मीच आहे, मामा."

"मग झालं तर."

चित्रीकरण एका गोदामात झालं. प्लायवूडची तीन भिंतींची लिफ्ट, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा. अध्यक्षबाईचं काम करणारी नटी हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणायची, "छान! अजून दहा सेकंद जमतील का हो तुम्हाला?" आणि मामा मान डोलवायचे, गाल फुग्यासारखे, डोळे बटणासारखे, टोपी थरथरतेय. लाईट धरणारा माणूस तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मग मामांनी श्वास सोडला. अगदी हळू, कुणाला त्रास होऊ नये असा. आणि वर बघितलं, सरळ कॅमेऱ्यात.

ती नजर रागाची नव्हती. रागाची असती तर सोपं झालं असतं, लोकांना रागावर रागावता आलं असतं. शेजारी आपल्याच घरी येऊन आपल्याच ताटात काय काय टाकून जातो हे मुकाट्याने पाहिलेल्या माणसाची ती नजर होती. रुमालवाल्याने रुमाल काढला. मेकअपवालीचा हात डबीवर तसाच राहिला. मफलर 'कट' म्हणायला विसरला.

मोजलं तेव्हा साडेचार सेकंद भरले.

इकडे वस्तीत कुजबुज सुरू झालीच होती. म्हाताऱ्या बायकांनी मामीला गाठलं. "प्रवचन सांगणारा माणूस गाल फुगवणार म्हणे! नाचायलाही लावणार असतील."

सुट्टीच्या सकाळी मामा त्यांच्यासमोर उभे राहिले. "आधी बघा, मग बोला. त्यात एक नजर आहे. ती पाहून तुम्हाला लाज वाटली, तर त्या दिवसापासून मी इथे उभा राहणार नाही. आणि काळजी कसली? जोडायला माझी भाची बसलीय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मीही मान डोलवली.

सिनेमा जोडून झाला की प्रदर्शनाच्या आधी आम्ही एक चाचणीचा खेळ लावतो. अनोळखी लोकांना बोलावून फुकट दाखवायचा, नंतर त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे. माझी त्यात एक पद्धत होती, आणि तिच्याबद्दल या धंद्यात माझं नाव होतं. मी थिएटरात माईक लावून प्रेक्षकांचा आवाज टिपून घ्यायचे आणि नंतर तो चित्राच्या खाली जोडून बघायचे. संगणकावर हशाच्या टेकड्या दिसतात. कुठला विनोद चढला, कुठला पडला, वाद घालायचं कारणच उरत नाही.

खेळ पलीकडच्या भागात, गोऱ्यांच्या वस्तीत, दुपारी लावला होता. मी शेवटच्या रांगेत. ठराव मंजूर झाला तेव्हा लोक खुर्चीत मागे कलंडले. आभारप्रदर्शनाला टाळ्या. मामांचे गाल फुगले आणि थिएटर अक्षरशः हशाने फुटलं. मग नजर आली.

आवाज बंद. नळ बंद करावा तसा. कुणीतरी खोकलं. एका बाईने मांडीवरची पर्स उगाच सरळ केली. त्यापुढचं दृश्य म्हणजे खाली आलेले अग्निशामक दलाचे लोक शिडी कुणाच्या गाडीला टेकवावी यावरून भांडतात. आमच्या मते ते सिनेमातलं सगळ्यात विनोदी दृश्य, आणि त्यावर एक माणूस हसला नाही. सात मिनिटं कुणी हसलं नाही.

फॉर्मवर लिहिलेलं आलं: 'मजा येत होती, मधेच कसंतरी झालं.' 'आम्ही काय केलंय?' 'लिफ्टमन मस्त, पण शेवटी उगाच टोचून बघतो.'

दुसऱ्या दिवशी निर्मातीबाईंनी सगळ्यांना बोलावलं. माझाच आलेख भिंतीवर लावला होता. टेकडी, टेकडी, डोंगर, आणि मग सपाट माळरान.

"हे काय आहे?" त्यांनी माळरानावर पेन ठेवलं.

"तिथे ती नजर आहे," मी म्हटलं.

"सात मिनिटं माणसं मेल्यासारखी बसलीत. विनोदी सिनेमा आहे ना आपला?" मग माझ्याकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचे नातेवाईक आहेत, मला कल्पना आहे. पण तुमच्यासारख्या संकलकाने नात्यात अडकू नये. दुसऱ्या कुणाचा नट असता तर काय केलं असतंत?"

मी मफलरकडे पाहिलं. कबूल त्याने केलं होतं. तो मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. "मी तुला काही सांगणार नाही," तो म्हणाला. "मी सांगणं बरोबर दिसणार नाही. तुझे मामा आहेत, तुमचा विषय आहे. तू ठरव. जे करशील ते मला मान्य."

असा तो चांगला माणूस. चांगुलपणाने हात धुतले आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

मी संकलनाच्या खोलीचं दार लावून बसले. आजवर त्या खोलीत मी एकटीच काळी होते, आणि वर्षानुवर्षं मी एकच गोष्ट सिद्ध करत आले होते, की मला कुणी दयेने घेतलेलं नाही. दुसऱ्या कुणाचा नट असता तर काय केलं असतं? कापलं असतं. आलेख सांगत होता, कापा. मी साडेचार सेकंद उचलून बाजूला ठेवले. गाल फुगलेत, डोळे बाहेर आलेत, टोपी थरथरतेय, आणि तिथूनच थेट शिडीवरचं भांडण. खाली चाचणीच्या खेळातला हशा जोडून पाहिला. एका दृश्यातला हशा दुसऱ्यात असा अलगद उतरला, जणू मधे कधी काही नव्हतंच.

आणि देवाशपथ सांगते, मी हसले. एकटी बसून मोठ्याने हसले. फार सुबक कट होता तो.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "काय गं, झालं का जोडून? सगळं ठीक?"

"हो मामा. सगळं ठीक."

"मामी विचारतेय, पडद्यावर हे जाड दिसतात का?"

"सांगा तिला, देखणे दिसता."

पलीकडून मामीचं हसू ऐकू आलं. तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. मला वाटलं, प्रत्यक्ष बघतील तेव्हा सिनेमा किती छान झालाय हे त्यांनाही दिसेल आणि एवढ्याशा गोष्टीचं काही वाटणार नाही. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

पहिल्या खेळाला मामा सभागृहातली अकरा माणसं घेऊन आले. सगळ्यांचे कपडे मामांनी स्वतः इस्त्री केलेले, घड्या सुरीसारख्या. कुजबुजणाऱ्या दोघी म्हाताऱ्याही होत्या. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले.

मामा पडद्यावर आले तेव्हा वस्तीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव आला, हशा झाला, आपली माणसंही हसली. मामांचे गाल फुगले. मामा पुढे सरकले आणि मामीच्या हातावर हात ठेवून कुजबुजले, "आता बघ."

पडद्यावर शिडी आली.

थिएटर हसत होतं. मामांचा हात तसाच मामीच्या हातावर. ते मागे टेकले नाहीत. मला आधी वाटलं त्यांना कळलं. नव्हतं कळलं. त्यांना वाटलं, पुढे कुठेतरी असेल. भाचीने जागा बदलली असेल, तिला जास्त समजतं. लिफ्ट सुटली, दार उघडलं, सहा जण लिफ्टमनला शाबासकी देऊन घरी गेले, शेवटचं गाणं वाजलं, नावं वर सरकू लागली, लोक उठून कोट चढवू लागले, आणि माझा मामा खुर्चीच्या टोकाशी बसून अजून वाट बघत होता.

दिवे लागले. त्या दोघी म्हाताऱ्या मामांना वाट देऊन भिंतीकडे सरकल्या.

बाहेर लोकांनी त्यांना गराडा घातला. एका उंच माणसाने त्यांच्यासमोर स्वतःचे गाल फुगवले आणि डोळे मोठे केले. "सोडा आता श्वास, काका!" सगळे हसले. मामाही हसले. गर्दीवरून त्यांनी मला शोधलं आणि डोळ्यांनीच मला धीर दिला. मला!

सिनेमा तुफान चालला. थिएटरांबाहेर फुगलेल्या गालांचे फलक लागले. लॉन्ड्रीत गिऱ्हाईक कपडे देताना गाल फुगवायचं. बसमध्ये, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, मोठी मोठी माणसं. प्रेमानेच करायची, त्यात खोट नव्हती. मामा म्हणायचे, "देव त्यांचं भलं करो, हसतायत ना," आणि घरी येऊन बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसायचे. हे मला मामीने नंतर सांगितलं.

नजर पाहून लाज वाटली तर उभा राहणार नाही, असं मामांनी म्हटलं होतं. आता नजरच नव्हती, तेव्हा कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. ते सुट्टीच्या सकाळी पुन्हा उभे राहिले. त्या सकाळी हरवलेल्या मुलाला शोधत दारोदार हिंडणाऱ्या आईची कथा होती. मामांनी आधी हसवलं, विसराळू शेजाऱ्यांच्या नकला करून. मग आई शेवटच्या दाराशी येते, दार उघडतं, आणि मामा गप्प झाले.

पंख्याची कुरकुर. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी गालातली हवा सोडली. फुस्स.

खरं सांगायचं तर चेष्टा करायचीही नसेल, सवयीने झालं असेल. पण आधी एक हसला, मग दोघे, मग बाकंच्या बाकं. आपलीच माणसं. तोंडावर हात ठेवून, लाजून, पण हसत होती. गप्प झालेले मामा त्यांना आता लिफ्टमन दिसत होते. मामांनी थोडा वेळ थांबून पाहिलं. मग "पुढची कथा पुन्हा कधीतरी," म्हणून खाली उतरले. त्या आईला तिचा मुलगा त्या दिवशी सापडलाच नाही.

त्यानंतर ते सभागृहात गेले नाहीत. चौथ्या आठवड्यात मामीचा फोन आला. "बाई गं, तू येऊन बोल. तुझं ऐकतात."

मी दुपारी गेले. मामा घरीच एका चादरीला इस्त्री करत होते.

"ये गं. बस." मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरू केलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस हां. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी एकटी भांडली असणार. तिथे आपलं कोण ऐकतं? त्या दोघी म्हणत होत्या, भाचीनेच केलं असेल. मी म्हटलं, जीभ झडेल तुमची."

"मामा, मीच कापली."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. चादरीला डाग पडू दिला नाही.

"म्हणजे त्यांनी कापायला लावली."

"नाही. माझ्यावर सोपवलं होतं. मी ठरवलं."

स्वयंपाकघरात मामीच्या हातातलं भांडं थांबलं.

"का गं?"

येताना वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "तिथे लोक गप्प होत होते, मामा."

"त्यासाठीच तर होती ती."

"आता कळतंय."

"तेव्हा नव्हतं कळत?"

ते ओरडून विचारत नव्हते. मला वाटतं, मी 'नाही' म्हणाले असते तर त्यांनी लगेच मानलं असतं. मानायला ते तयारच बसले होते. मी मान खाली घातली.

ते म्हणाले, "कापून झाल्यावर पाहिलंस ना एकदा? नीट जमलंय का ते?"

"पाहिलं."

"हसलीस?"

"हो."

"मग काम नीट केलंस," मामा म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं.

मी घाईघाईने बोलू लागले. कापलेलं सगळं जपून ठेवलेलं असतं, पुसलेलं नाही, मी आणून सभागृहात दाखवीन, सगळ्यांसमोर सांगीन की मी केलं—

"नको." त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. "नुसती आणून काय करणार? हशाच्या पाठोपाठ आली म्हणून ती नजर होती. एकटी दाखवलीस तर काय, म्हाताऱ्याचं तोंड. ते तर रोजच बघतात."

"मग मी काय करू, मामा?"

उत्तर द्यायची त्यांची इच्छा होती, हे मला दिसत होतं. जन्मभर लोकांना त्यांनी अशा वेळी काही ना काही सांगितलं होतं. या वेळी त्यांनी चादरीची टोकं जुळवली.

मामी दारात आली. डोळे पुसून तिने नेहमीचाच सूर धरायचा प्रयत्न केला. "चला, पानं घेते. दोघांनी आधी जेवून घ्या, मग काय ते बोला."

"तिला उशीर होतोय," मामा म्हणाले.

मला उशीर होत नव्हता. त्या घरातून दुपारच्या वेळी पोस्टमन कधी उपाशी गेला नव्हता, मीटर बघणारा गेला नव्हता. मामी मामांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिने "अहो" एवढंच म्हटलं, आणि तेही अर्ध्यावर सोडलं.

"हो मामी," मी म्हटलं, "उशीर होतोय मला."

मामा दारापर्यंत सोडायला आले. जिना अंधारा आहे, तिसरी पायरी तुटलीय, सांभाळून उतर, असं म्हणाले. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता आणि लगेच उचलला गेला. मी एक एक पायरी मोजत उतरले. वर दार लागल्याचा आवाज आला नाही. मी रस्त्यावर पोचेपर्यंत ते तिथे उभे असावेत. पण मागे वळून त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.